तिसरी किल्ली

आमच्या घरात देवापुढे दिवा लागायच्या आधी संगणक सुरू व्हायचा. माझा धाकटा भाऊ भरतेश दात घासायला जाता जाता बटण दाबायचा आणि तो आवाज घरभर ऐकू यायचा. वाटीवर चमच्याचे तीन ठोके, मग एका लहान मुलीचं खिदळणं. ज्यांनी कधी 'चावडी' ही संगणकप्रणाली वापरली असेल त्यांना हा आवाज माहीत असणारच. लाखो लोकांचे संगणक, फोन, गाड्या आणि पुढे तर कानामागच्या पट्ट्यासुद्धा याच आवाजाने जाग्या होत. ती वाटी आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरातली होती आणि खिदळणारी मुलगी म्हणजे भरतेशची श्रुतिका.

तेव्हा ती चार वर्षांची होती. समोर भाताचं ताट ठेवलेलं आणि ही आपली वाटी बडवतेय. भरतेश आणि त्याच्यासारखे हौशी लोक मिळून चावडी उभी करत होते, तिला सुरू होतानाचा आवाज हवा होता, म्हणून त्याने फोन पुढे धरला. ठोके झाले, हसणं झालं आणि पाठीमागून माझी भावजय सुरेखा म्हणाली, "पुरे गं आता, भात निवतोय." जगाला दिलेल्या आवाजातून भरतेशने हे वाक्य कापलं. घरच्या संगणकावर मात्र पूर्ण ठेवलं.

पुढे तीन वर्षांनी सुरेखा डेंग्यूने गेली. श्रुतिकाला सांभाळायला मी मिरजेतली खोली सोडून भावाकडे राहायला आले. मी शाळेत विज्ञान शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, माझं बिऱ्हाड एका रिक्षात मावलं. तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी एक गेलेली बाई भात निवतोय म्हणून सांगायची आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

चावडी कुणाच्या मालकीची नव्हती. कुणीही यावं, आतलं सगळं उघडून बघावं, मोडलेलं दुरुस्त करावं, हे तिचं ब्रीद. समोर होती 'ऑरिस'. कंपनीची, सुबक, गुळगुळीत आणि कुलूपबंद. चावडीवाले ऑरिसवाल्यांना 'भाडेकरू' म्हणायचे, कारण स्वतःच्या मशीनमध्ये खिळा ठोकायचा तरी त्यांना कंपनीची परवानगी लागायची. ऑरिसवाले चावडीवाल्यांना 'पारावरचे' म्हणायचे, म्हणजे दिवसभर वाद घालणार आणि काम शून्य. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडलीय?

सुरुवातीला ही नुसती चेष्टामस्करी होती, जयसिंगपूरचं भडंग चांगलं की सांगलीचं, अशा चालीची. मग कधी तिची धार बदलली ते कळलंच नाही. स्थळांच्या जाहिरातीत शिक्षणाच्या आधी प्रणाली यायला लागली. सोसायट्या एकाच प्रणालीच्या झाल्या. सख्खे भाऊ दिवाळीला एकमेकांकडे जाईनासे झाले, कारण एकाच्या घराचं दार दुसऱ्याच्या पट्टीला ओळखत नसे आणि दरवेळी पाहुण्यासारखी घंटा वाजवायची लाज वाटायची.

भरतेश दर शनिवारी गल्लीच्या टोकाच्या सभागृहात बैठक घ्यायचा. ऑरिस सोडणारे आपापली मशीनं घेऊन यायचे, हा ती पुसून त्यावर चावडी चढवायचा आणि मग त्या माणसाला पेढा द्यायचा. लोक त्याला 'दीक्षा' म्हणायचे. मी एकदा म्हटलं, आपल्या जैन समाजात दीक्षा घेणारा सगळा संसार सोडतो, तुझ्याकडचा एक कंपनी सोडतो आणि वर पेढा खातो. भरतेश हसला नाही. या विषयावर तो कधीच हसायचा नाही.

आता त्या पट्टीचं सांगते. जन्मभर शिकवत आले, त्यामुळे सवय जात नाही.

आठवण डोक्यात एका जागी ठेवलेली नसते. पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे, वास तिसरीकडे आणि त्या वेळी पोटात जे कालवलं ते आणखी कुठे. मेंदूच्या आत खोलवर बोटाएवढा एक भाग असतो, तो हे सगळं एका दोऱ्यात ओवतो. ओल्या पदराचा वास आला की दोरा ओढला जातो आणि ताट, वाटी, हात, हसू, सगळं एकदम वर येतं. म्हातारपणी हा दोरा कुजतो. म्हणून पट्टी निघाली. ती कानामागे चिकटून बसते, त्या भागातल्या विजेच्या बारीक हालचाली शिकत राहते, आणि दोरा ओढला जातोय पण पुरेसा नाही असं दिसलं की बाहेरून हलकासा धक्का देऊन आठवण पूर्ण करते. आधी ती विसराळू म्हाताऱ्यांसाठी होती. मग परीक्षा देणारी पोरं लावू लागली, मग सगळेच. श्रुतिकाला अकरावीत लागली. मी नाही लावली. माझ्या डोक्यावर ना चावडी ना भाडेकरू.

गोची अशी की मेंदूला आयतं मिळालं तर तो कष्ट करत नाही. वर्षानुवर्षं पट्टी लावणाऱ्याच्या मेंदूने ओवायचं काम हळूहळू तिच्यावरच सोपवलं. आठवणी मेंदूतच राहिल्या, पण त्यांचे पत्ते पट्टीत गेले. आणि पत्ते लिहायची चावडीची रीत वेगळी, ऑरिसची वेगळी. एकीचं दुसरीला वाचता येत नाही. दोन पट्ट्या एकदम लावता येत नाहीत, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि सगळ्यात वाईट गोष्ट झोपेची. झोपेत मेंदू आवराआवर करतो. ज्या आठवणींना कुठलीच पट्टी उत्तर देत नाही, त्यांचे दोरे तो पहिल्याच झोपेत टाकून देतो, मग जुनी पट्टी परत लावूनही उपयोग नाही.

मग प्रणाली बदलणारे करतात काय? नवी पट्टी त्यांच्याकडून उजळणी करून घेते. फोटो दाखवते, तारखा सांगते, नातेवाईक ओळखायला लावते. कोण, कुठे, केव्हा, हे सगळं परत बसतं. पोटात कालवलेलं तेवढं बसत नाही, कारण त्याचा फोटो नसतो. बदललेले सगळे शपथेवर सांगायचे की आमचं काहीही गेलेलं नाही. सांगणारच. जे गेलं ते गेलं हे कळायला तेच शिल्लक असावं लागतं.

श्रुतिका पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवायची. तिथेच तिला निनाद चौगुले भेटला. पाणीपुरवठ्यातला इंजिनियर, शांत स्वभावाचा, आपल्याच समाजातला, उंचीलाही शोभणारा. नाव ठेवायला जागा एकच, तो सगळा ऑरिसचा. घर ऑरिसचं, नोकरी ऑरिसवरची, पुण्याबाहेरची त्यांची वसाहतसुद्धा ऑरिसचीच.

चौगुले मंडळी बोलणी करायला आली तेव्हा निनादची आई स्वतः केलेली खोबऱ्याची बर्फी घेऊन आली होती. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यांच्याकडे फाटक, लिफ्ट, गॅस, दवाखाना सगळंच ऑरिसवर चालतं आणि दुसरी पट्टी असली तर लिफ्टसुद्धा मजल्यावर थांबत नाही, हे तिने अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. मग म्हणाली की पूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीने नाव लिहून मुलीचं नावच बदलायचे, ते मात्र आम्ही बंद केलंय. "ताट तेवढं ठेवलंय. त्यात तांदळावर नवी पट्टी ठेवतो, माप ओलांडून आली की सून ती लावते. नाव तिचं तिलाच राहतं की." हे तिने सुधारणा म्हणून सांगितलं आणि तिला खरोखरच तसं वाटत होतं.

भरतेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, निनाद चावडीवर आला तर चालेल का? चौगुले मंडळी मोकळेपणाने हसली. त्यांना वाटलं, व्याही विनोदी आहेत.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर श्रुतिका स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या पट्टीत भरतेशने मुद्दाम पूर्ण आवाज घालून दिला होता. पुण्याच्या खोलीत एकटी जागी होतानाही तिला तीन ठोके, हसू आणि मग आई ऐकू यायची.

"आत्या, मला आई सातच वर्षं मिळाली," ती म्हणाली. "ते वाक्य ऐकलं ना, की मला तिच्या पदराचा वास येतो. ओला, भांडी घासून हात पुसल्यासारखा. रोज येतो. मी तिकडे गेले तर तो राहील ना?"

मी विज्ञानाची बाई. उत्तर मला येत होतं. मी नुसती बर्फीचे तुकडे डब्यात भरत बसले.

नाही म्हण, तो मुलगा सोड, असं तिला सांगणं सोपं होतं. पण तिचा जीव होता त्याच्यावर. शिवाय ती दमली होती. लहानपणापासून तिने घरात एकच लढाई पाहिली होती, आणि ज्या आवाजाने त्या लढाईचा रोज शंख फुंकला जायचा तो तिचा स्वतःचा होता. मला दोन्हीकडच्या माणसांचा कंटाळा आलाय, मला फक्त शांतपणे राहायचंय, असं ती म्हणाली.

वाट नव्हती असं नाही. इम्तियाज मुजावर हा माझा मिरजेच्या शाळेतला विद्यार्थी. बाकावर उभा राहायचा मान त्याला माझ्या तासाला बरेचदा मिळाला. तो चावडीचा पट्टी-विभाग सांभाळायचा. त्याचा थोरला भाऊ नोकरीपायी ऑरिसवर गेला होता. "तो अब्बांच्या कबरीवर येतो, बाई," इम्तियाजने मला सांगितलं होतं. "फुलं ठेवतो, आणि मग घड्याळ बघतो." त्या घड्याळ बघण्यापायी इम्तियाजने 'पूल' लिहिला. पहिली झोप लागायच्या आत हा पूल चालवला तर चावडीचे सगळे पत्ते ऑरिसच्या रीतीत उतरायचे. त्याने तपासून पाहिला होता. काही सांडत नव्हतं.

पण चावडीच्या पट्टीत कुणाच्याही मनात आलं म्हणून काही घालता येत नसे. पाच पंच होते, प्रत्येकापाशी एक किल्ली, म्हणजे संगणकावर करायची एक गुप्त सही. तीन किल्ल्या लागल्याशिवाय पट्टी नवा कार्यक्रम आत घेतच नसे. माणसाच्या मेंदूला हात लावायचा तर एकाच्या लहरीवर नको, म्हणून हा नियम होता. चांगला नियम, आणि तो भरतेशनेच घातलेला. पुलावर दोन किल्ल्या लागल्या होत्या. उरलेल्या दोघांनी सांगितलं होतं की आम्ही भरतेशच्या मागे. म्हणजे तिसरी किल्ली त्याची.

इम्तियाज एका रविवारी दुपारी घरी आला. चहा झाला, भडंग झालं, आणि भरतेशने कप खाली ठेवला.

"पूल बांधला की गाव ओस पडतं, इम्तियाज. रस्ता झाला म्हणून शहरातून गावात कोण राहायला आलं? सगळे गेलेच."

"जाणारे तसेही जायला लागलेत, सर. रिकाम्या हातानं जातायत, एवढंच."

"मग जाताना चारदा विचार करतील."

इम्तियाजनेही आपला कप खाली ठेवला. मग अदबीनेच म्हणाला, "कुलपं लावायचं काम ऑरिसचं, असं तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

भरतेश उठून आत गेला. बाहेर इम्तियाज माझ्याकडे बघत राहिला आणि मी भडंगाच्या वाटीकडे.

माझ्या भावाला मी तो रांगायचा तेव्हापासून ओळखते. त्याला चावडीची चिंता होती, खोटं नाही. पण त्या दिवशी त्याच्या मनात चावडी नव्हतीच. त्याने एक सरळ हिशेब मांडला होता. पूल नसेल तर आईला सोडून जायचं श्रुतिकाला धाडस होणार नाही, ती राहील. जो माणूस जन्मभर दारं उघडी ठेवा म्हणून जगाशी भांडला, त्याने घरातल्या पोरीसाठी एक दार ओढून घेतलं आणि त्याला ती माया वाटली. असेलही माया. मला मात्र त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की ती जाणारच आहे, तू फक्त तिने बरोबर काय न्यायचं ते ठरवतोयस. तो म्हणाला, "अक्का, तुला प्रणालीतलं कळत नाही." हे त्याचं कशालाही उत्तर होतं.

श्रुतिकाने त्याला एकदाच विचारलं. हळदीच्या दिवशी, सकाळी. गालाला हळद लागलेली, हात पिवळे, बायका अंगणात कुणाची तरी थट्टा करतायत, आणि ही उठून सरळ त्याच्या खोलीत गेली. मी हातात हळदीची वाटी घेऊन तिच्या मागे.

"बाबा, सही करा," ती म्हणाली.

भरतेश संगणकापुढेच बसला होता. पडद्यावर पूल उघडाच होता, त्यावर दोघांच्या सह्या दिसत होत्या. तो म्हणाला, "जाऊ नकोस."

"मी जाणार आहे. मला आईला घेऊन जाऊ द्या."

भरतेशने पडद्याकडे तोंड वळवलं. तिने थोडी वाट पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि ते बघून मलाच भीती वाटली. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती हळद लावून घ्यायला परत गेली. टेबलाच्या कडेला तिच्या बोटांचे पिवळे ठसे राहिले.

लग्न जयसिंगपूरला झालं. पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. या वयात पाठराखीण म्हणजे लोकांना हसायला विषय, पण दुसऱ्या कुणाला मी जाऊ दिलं नसतं. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. झोपली नाही.

चौगुल्यांच्या दारात तिने माप ओलांडलं. आत पाट मांडला होता, समोर ताट, ताटात पांढरेशुभ्र तांदूळ आणि त्यावर ऑरिसची तितकीच पांढरी पट्टी. सगळे कौतुकाने बघत होते. निनाद तिला हळूच म्हणाला, उद्या लावलीस तरी चालेल. तिच्या सासूनेही मान डोलावली. पण वसाहतीच्या फाटकाने तिला पाहुणी म्हणून त्या संध्याकाळपुरतंच आत घेतलं होतं. श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बाबांचा फोन आला का?

मी बाजूला जाऊन भरतेशला फोन लावला. तो पहिल्या घंटेलाच बोलला, म्हणजे फोन हातातच धरून बसला होता.

"ती पट्टी काढतेय," मी सांगितलं. "झोप लागेपर्यंत वेळ आहे. सही कर."

"ती काढणार नाही, अक्का."

"काढली."

मी त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत उभी राहिले. मग तो म्हणाला, "परत लावेल. मी सही केली तर परत लावणार नाही." आणि त्याने फोन ठेवला. नंतर कितीदा केला तरी उचलला नाही.

बिनपट्टीच्या पाहुण्यांना वसाहतीत रात्री थांबता येत नसे, म्हणून मला बाहेर पडावं लागलं; पुढचं मला निनादकडून कळलं. ती झोपायलाच तयार नव्हती. खुर्चीत ताठ बसून राहिली, जुनी पट्टी मुठीत धरून. निनादने तिला कॉफी करून दिली, तिच्याशी बोलत राहिला, तिला गॅलरीत फिरवलं. त्याने आपल्या परीने सगळं केलं. लग्नाच्या दगदगीने ती आधीच अर्धी झाली होती. फटफटायला लागलं तेव्हा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

भरतेशने सही सकाळी केली. दूधवाला येऊन गेल्यावर. म्हणजे तोही रात्रभर जागा होता, आणि तिकडे तीही, आणि दोघांच्या मधे एका बटणाएवढं अंतर. बैल गेला आणि झोपा केला. इम्तियाजने त्याला कळवलं, की पूल आता सगळ्यांसाठी खुला झालाय, तिच्यासाठी मात्र उपयोग नाही.

पूल उत्तम चालला. इतका, की त्याची बातमी झाली. मनात असूनही केवळ आठवणींपायी चावडीवर अडकलेली माणसं खूप होती. ती आपापलं सगळं घेऊन सुखरूप पलीकडे गेली. आपली आई, आपलं गाव, पहिलं प्रेम, कुत्र्याचं पिल्लू, काहीही न सांडता. शनिवारच्या बैठकीला येणारी माणसं आता जायला मदत करा म्हणून येऊ लागली. भरतेश कुणाला नाही म्हणाला नाही. तो खाली मान घालून पूल चालवून द्यायचा. पेढ्यांचा डबा टेबलावर असायचा, पण तो कुणापुढे धरावा हे त्याला कळेनासं झालं होतं. दिवाळीपर्यंत बैठक बंद पडली. उरलेल्या दोन पंचांनीही पट्टी बदलली, असं इम्तियाज म्हणाला.

दिवाळसणाला श्रुतिका आणि निनाद आले. दारातच तिने मला वाकून नमस्कार केला. आधी ती येऊन गळ्यात पडायची. घर तिला सगळं माहीत होतं, दिव्याचं कुठलं बटण कुठे तेसुद्धा. मला रव्याचे लाडू आवडत नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि तिने आठवणीने बेसनाचे आणले होते. बोलणं गोड, वागणं नेटकं. चांगल्या घरातली, चांगल्या वळणाची मुलगी आमच्याकडे पाहुणी आली होती. मी चुलीपाशी तोंड वळवून रडून घेतलं. गॅसपाशी म्हणायला हवं, पण रडताना तोंडात जुनेच शब्द येतात.

जेवायच्या वेळी भरतेश म्हणाला, जरा थांबा. तो संगणकापाशी गेला आणि त्याने बटण दाबलं.

तीन ठोके. हसू. "पुरे गं आता, भात निवतोय."

श्रुतिकाने पाटावरून मान वळवली आणि तिचा चेहरा उजळला. "किती गोड हसतंय," ती म्हणाली. "कुणाचं बाळ हे, आत्या?"

निनादने ताटातला घास ताटातच ठेवला. मग तिच्या पट्टीने बहुधा तिला सांगितलं असावं, कारण तिने घाईघाईने कानामागे हात नेला. "अगं हो, माझाच की आवाज. आणि मागे आई. माहिती आहे मला." ओशाळी होऊन ती हसली. तिची चूक सावरली गेली होती, एवढंच तिला कळलं.

भरतेशने संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला. तीन ठोके, हसू, सुरेखा. तो तिच्याकडे बघत होता, एखाद्या बंद पडलेल्या यंत्राकडे तो बघायचा तसा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. निनाद हळूच म्हणाला, बाबा, राहू द्या. भरतेशने ऐकलं नाही. मी म्हटलं, भरतेश, बस. त्याने पुन्हा बटण दाबलं. मला वाटतं, त्याला अजूनही खात्री होती की आत कुठेतरी तो दोरा असणार आणि आपण नीट ओढत नाही आहोत.

शेवटी श्रुतिका पाटावरून उठली. त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, पुरे आता. चला, भात निवतोय."

भरतेशचा हात बटणावरच राहिला. माझ्या हातातली पळी थांबली. शब्द तेच. ती आता सुरेखाच्या वयाची झाली आहे, आवाजही हुबेहूब तोच. आम्ही दोघांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती, जरा गोंधळलेली, जरा हसतमुख.

"काय झालं?" तिने विचारलं.

काही नाही, असं म्हणून भरतेश पाटावर येऊन बसला. त्याने भाताला हात लावला. भात खरोखरच निवला होता.